निर्वासिताला पहिली उधारी कोण देतं? (बडोद्याचा तिबेटी स्वेटर बाजार)

रावपुरा_कट्टा (धागाकर्ता)

दिवाळी आटोपली की बडोद्यात तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार लागतो. बांबूचे मांडव, वर ताडपत्री, ओळीने गाळे आणि गाळ्यागाळ्यावर ‘एक दाम’ची पाटी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात तिथून घेतलेला एखादा स्वेटर नाहीतर कानटोपी असेलच. मी या मंडळींना ओळखतो ते मात्र गिऱ्हाईक म्हणून कमी आणि बँकेच्या काउंटरमागून जास्त. नोकरीतली बरीच वर्षं ज्या शाखेत गेली तिथे हे लोक डिमांड ड्राफ्ट काढायला यायचे. मध्यंतरी एका लग्नात कोणीतरी म्हणालं, “हे लोक येतात, तीन महिन्यांत पैसा गोळा करतात आणि जातात.” तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं, कारण तो पैसा कुठे जातो ते मी पाहिलेलं आहे.

सोमवारी शाखेचं शटर वर जायच्या आधीच चार-पाच बायका पायरीवर बसलेल्या असायच्या. अंगात चुपा, म्हणजे त्यांचा लांब झगा, पुढे पट्ट्यापट्ट्यांचा पांगदेन, म्हणजे एप्रन. शनिवार-रविवारची विक्री पिशवीत. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, शंभराच्या नोटा वेगवेगळ्या लावलेल्या, प्रत्येक गड्डीला रबर, वर चिठोऱ्यावर तिबेटी आकड्यांत बेरीज. कॅशियर मोजायला घ्यायचा आणि रक्कम तंतोतंत जुळायची. मग फॉर्म. तो बहुतेक वेळा मीच भरून द्यायचो. रक्कम बदलायची, होजिअरीचं नाव बदलायचं, पण ‘कुठे देय’ या रकान्यात दर वेळी एकच गाव: लुधियाना.

एकीला न राहवून विचारलं. ती कर्नाटकातल्या बायलकुप्प्याची. तिने हिंदीत समजावून सांगितलं ते असं. पाऊस संपला की लुधियानाला जायचं. लालाच्या, म्हणजे घाऊक होजिअरीवाल्याच्या, गोदामात बसून माल निवडायचा. थोडे पैसे हातावर टेकवायचे, बाकी सगळं वहीवर. गाठोडी ट्रान्सपोर्टने परस्पर बडोद्याला. विक्री होईल तसे ड्राफ्ट पाठवत राहायचं आणि जानेवारीअखेर हिशेब चुकता करून लोसारला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, घरी. ना तारण, ना जामीन, ना स्टॅम्पपेपर. तिच्या आईनेही याच पेढीतून माल उचलला होता.

आता मागचं थोडं. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, चिनी सैन्याने तो तोफा डागून मोडला. दलाई लामा ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले आणि त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० माणसं हिमालय ओलांडून आली. सुरुवातीला त्यातल्या कित्येकांना डोंगरात रस्ते फोडायच्या कामावर लावलं. मग १९६० मध्ये म्हैसूर सरकारने बायलकुप्प्याला जंगलाची जमीन दिली. पुढे मुंडगोड, आत्ताच्या छत्तीसगडातलं मैनपाट आणि आपल्या महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातलं गोठणगाव अशा वसाहती झाल्या. याक आणि जव यांच्यावर जगलेल्या माणसांनी जंगल तोडून मका लावला. पण पावसाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही आणि हिवाळ्यात हात रिकामे राहतात. त्यातून हा धंदा निघाला. आधी घरी हाताने विणलेले स्वेटर, नंतर लुधियानाचा मशीनचा माल.

मला इथे एकच गोष्ट मांडायची आहे. युद्धातून जीव वाचवून आलेल्या माणसाकडे मेहनत असते, हुशारी असते, हे सगळेच म्हणतात. ती तर असतेच. पण नव्या देशात धंदा उभा राहतो तो कोणीतरी पहिल्यांदा विश्वासावर माल किंवा पैसा दिला म्हणून. या लोकांना कर्ज द्यायला आम्हा बँकवाल्यांकडे एकही रकाना नव्हता. त्यांचे पैसे आम्ही वर्षानुवर्षं पाठवले, कर्ज मात्र दिलं नाही. ते लुधियानाच्या होजिअरीवाल्यांनी दिलं. त्यातले कित्येक स्वतः १९४७ ला पश्चिम पंजाबातून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या घरांतले.

तुमच्या पाहण्यातली, घरातली, परदेशातली अशी उदाहरणं असतील तर लिहा. पहिली उधारी कोणी दिली, ते जरूर लिहा.

अलकापुरी_स्वाती

काका, फार छान धागा. आम्ही शाळेत असताना नेव्ही ब्लू स्वेटर दर वर्षी तिथूनच यायचा. आई भाव करायला जायची आणि त्या बाई हसून नुसत्या पाटीकडे बोट दाखवायच्या.

एक विचारते. लुधियानावाल्याला भीती नाही वाटत? माल घेऊन माणूस बडोद्याला गेला, तिथून कुठे गेला, कोण बघायला बसलंय?

रावपुरा_कट्टा

स्वातीताई, हेच मीही विचारलं होतं. पहिलं म्हणजे माणूस एकटा नसतो. शहरातल्या विक्रेत्यांची असोसिएशन असते. मैदानाची परवानगी, भाडं, वीज, रात्रीचा पहारा सगळं तीच बघते. आपल्याकडे गाळा कोणाला कुठला, याच्या चिठ्ठ्या टाकायचे, म्हणजे तक्रार नको. एकाने लालाचे पैसे बुडवले तर पुढच्या साली त्याच्या वसाहतीतल्या सगळ्यांना माल मिळणं अवघड होईल, हे प्रत्येकाला ठाऊक. त्यामुळे अडचणीत आलेल्याचे पैसे नातलग आणि शेजारी मिळून भरतात.

दुसरं, लालाचाही स्वार्थ आहे आणि त्यात काही वाईट नाही. त्याचा माल हंगामी. जानेवारीनंतर स्वेटरला विचारतं कोण? गावोगावच्या दुकानदारांकडून वसुली करायची तर माणूस पाठवावा लागतो. इथे मात्र शेकडो गावांत त्याचा माल रोखीने विकला जातो आणि पैसा आठवड्याच्या आठवड्याला चालत येतो.

थंडी पडलीच नाही, असंही होतं. आपल्या बडोद्याची थंडी ती केवढी! अशा वर्षी उरलेली बाकी पुढच्या सालावर ओढतात. ड्राफ्ट काढताना एक बाई मला म्हणाल्या होत्या, “लालाने फोनवर एवढंच विचारलं, मुलांच्या शाळेची फी भरली का? आधी ती भरा.”

वारसियाची_वहिनी

माझं माहेर दांडिया बाजार आणि सासर वारसिया, म्हणजे सिंधी घरात दिलेली मराठी मुलगी. त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच आहे असं वाटलं. जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

सासरे सिंधमधल्या शिकारपूरचे. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर “थांबू, बघू” म्हणणारी घरंही निघाली. हे लोक कराचीहून बोटीने सौराष्ट्रातल्या ओख्याला उतरले. बरोबर अंथरूण, दोन पातेली आणि सासूबाईंच्या अंगावरचं किडूकमिडूक. बाकी पेढी, घर, येणी सगळं तिकडेच. वारसियात निर्वासितांची वस्ती झाली, तिथे एका खोलीत अकरा माणसं.

सासऱ्यांनी खांद्यावर कापडाचे तागे टाकून पोळापोळांतून, म्हणजे जुन्या गल्ल्यांतून, फेरी सुरू केली. पहिले दोन तागे मांडवीतल्या एका घाऊक कापडवाल्याने दिले. पैसे न घेता. सासऱ्यांनी त्याला विचारलं होतं, “मला ओळखत नाही, मग कसं देता?” तर तो म्हणाला, “तुम्ही कापड हातात घेतलंत त्यावरून कळलं.” सासरे हे सांगताना अंगठा आणि तर्जनीत कापड चोळून दाखवायचे. वाण, घट्टपणा, खळ किती आहे, सगळं त्या दोन बोटांत. ती पारख काही तिकडे मागे राहत नाही ना!

त्यांचा हिशेब असा: एका वारामागे चार पैसे कमी घ्यायचे, पण संध्याकाळपर्यंत तागा संपवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीत पैसे पोचते करायचे. आठवड्यात तेच भांडवल पाच वेळा फिरायचं. शेजारचे एक काका किराणा विकायचे. ते साखर खरेदीच्या भावात देत आणि नफा फक्त रिकाम्या गोणीचा. स्थानिक दुकानदार चिडायचे, हे सासऱ्यांनी कधी लपवलं नाही. एकदा त्यांचे तागे कोणीतरी चिखलात फेकले होते.

पुढे मुंबईच्या शिकारपुरी सराफांकडून ९० दिवसांच्या हुंडीवर, म्हणजे मुदतीच्या कर्जचिठ्ठीवर, पैसे मिळायला लागले आणि दुकान झालं. त्या सराफांची पेढ्यांची जुनी ओळख होती, बापाचं नाव विचारायचे आणि व्याज कापून पैसे द्यायचे. मागे राहिलेल्या मालमत्तेचा सरकारी ‘क्लेम’ मिळाला तो १९५४ चा नुकसानभरपाईचा कायदा झाल्यावर, तोही कागद नाचवत नाचवत. तेव्हा दुकान कधीच उभं राहिलं होतं. क्लेमच्या पैशांतून नणंदेचं लग्न झालं.

म्हणून काका, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. त्या मांडवीवाल्यांच्या घरी आमच्याकडून अजून दर दिवाळीला मिठाई जाते.

मांडवीकर

वहिनी, वाचून ऊर भरून आला. आमच्या आजोबांचं दुकान मांडवीतच होतं. कापडाचं नव्हे, तांब्यापितळेचं. वारसियातल्या कित्येक घरांची पहिली भांडी त्यांच्याकडून हप्त्याने गेली, हे लहानपणी ऐकलंय.

लहरीपुरा_रेडीमेड

सगळे गोड लिहिताहेत, त्यात माझं जरा वेगळं. माझं रेडीमेडचं दुकान आहे. बाराही महिने भाडं, वीज, दोन नोकरांचे पगार, जीएसटी. आम्हीही लुधियानाचाच माल आणतो. आमची कमाई कशावर? नोव्हेंबर-डिसेंबरवर. नेमके तेच दोन महिने मैदानावर मांडव उभे राहतात आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं. मला लाला पंचेचाळीस दिवस देतो, त्यांना पूर्ण हंगाम देतो. मग मी काय निर्वासित नाही म्हणून मला शिक्षा?

त्यांच्याबद्दल राग नाही. माणसं सरळ आहेत. पण इथल्या छोट्या दुकानदाराचंही कोणी लिहा.

रावपुरा_कट्टा

दादा, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि इथे यायलाच हवं होतं. वहिनींच्या सासऱ्यांचे तागे चिखलात फेकणाऱ्यालाही हीच धास्ती असणार. तुमच्याकडे दुकानावर ओव्हरड्राफ्ट आहे, जागा तारण ठेवता येते, माल परत करायची सोय आहे, एवढंच दाखवून देतो. त्यांच्याकडे लाला सोडून दुसरं दारच नाही. पण त्यामुळे तुमचं डिसेंबरचं नुकसान भरून निघत नाही, हेही खरं. भाडं आणि कर दोघांना सारखे लागावेत, यात मला काहीच वावगं वाटत नाही.

वकील_दांडियाबाजार

“दुसरं दारच नाही” याचं कायदेशीर कारण सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे.

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर किंवा त्याच्या १९६७ च्या पुरवणी करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोणाला काय मिळतं ते त्या त्या वेळच्या सरकारच्या धोरणावर. फाळणीत आलेल्या सिंधी-पंजाबी मंडळींना घटनेच्या ६ व्या कलमाने नागरिकत्व दिलं. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला आणि इथे राहणारा माणूस नागरिकच, नंतर आलेल्यांना नोंदणी करून मिळालं. म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांना मत देता आलं, जागा घेता आली, परवाना काढता आला, कर्जाला अर्ज करता आला. नवा देश त्यांचा स्वतःचा झाला.

तिबेटी माणूस मात्र कायद्याने परकीय. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला ते ‘आरसी’ म्हणतात. ते ठराविक मुदतीने नवं करून घ्यायचं. पासपोर्टऐवजी पिवळं ओळखपुस्तक. वसाहतीतली जमीन सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली, ती गहाण टाकता येत नाही. आता बँकेच्या कर्जाच्या अर्जात तारण काय लिहिणार? याला अपवाद एक: २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच नागरिक आहेत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी मुलीच्या पासपोर्टच्या प्रकरणात स्पष्ट केलं. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं, त्यात व्यापार परवाने आणि सरकारी योजनांचा लाभ द्यावा असं राज्यांना सांगितलं. प्रत्यक्षात राज्याराज्यांत फरक आहे.

दिल्लीत भोगल-लाजपतनगरला अफगाणांच्या नानच्या भट्ट्या आहेत. त्यातल्या अनेकांकडे तर आरसीसारखाही भक्कम कागद नाही. दुकान बहुधा कोणा भारतीयाच्या नावावर आणि भट्टीपुढे बसणारा दुसरा. तिथे विश्वास उलट्या दिशेने ठेवावा लागतो: निर्वासिताने मालकावर. मालक फिरला तर कोर्टात उभं राहायलाही जागा नाही. म्हणून माझ्या मते उधारी मोठी आहेच, पण तिच्या आधी कागद.

हॅलिफॅक्सकर

मूळचा प्रतापनगरचा, आता कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात. वकीलसाहेबांनी कागदाचं म्हटलं म्हणून आमच्याकडचं उदाहरण सविस्तर देतो. कागद आणि उधारी दोन्ही एकदम मिळाले तर काय होतं ते त्यात दिसतं.

इसाम हद्दाद नावाच्या गृहस्थांचा सीरियात दमास्कसला चॉकलेटचा कारखाना होता. १९८६ ला सुरू केलेला, माल मध्यपूर्वेत जायचा. २०१२ मध्ये बॉम्बहल्ल्यात कारखाना गेला. घरदार लेबननला पळालं आणि तीन वर्षं तिथे निर्वासित म्हणून काढली. मुलगा तारेक डॉक्टरकी शिकत होता, ते शिक्षण अर्धवट राहिलं. तो २०१५ च्या डिसेंबरात इथे आला, पाठोपाठ बाकीचे. गाव अँटिगोनिश. वस्ती पाच हजारांच्या आत. डिसेंबरात कमरेएवढा बर्फ.

त्यांना आणलं ते त्या गावातल्या लोकांनी. कॅनडात १९७९ पासून सोय आहे की सामान्य नागरिकांनी गट करून एखाद्या निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घ्यायची. घरभाडं, किराणा, मुलांची शाळा, दवाखाना, सगळं. व्हिएतनाममधून लोक होड्यांतून येत होते तेव्हा ही पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरली गेली. असा निर्वासित उतरतो तोच कायमचा रहिवासी म्हणून. म्हणजे वकीलसाहेब, कागद विमानतळावरच.

मग इसामनी घरच्या स्वयंपाकघरात चॉकलेट केलं आणि गावजेवणाला नेलं. लगेच संपलं. शेतकरी बाजारात ठेवलं, तिथेही संपलं. तेव्हा गावातले सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन पुढे आले आणि २०१६ मध्ये घराशेजारी छोटी शेड उभी करून दिली. ‘पीस बाय चॉकलेट’ नावाची कंपनी तिथे सुरू झाली. त्याच मे महिन्यात पलीकडे अल्बर्टात फोर्ट मॅकमरीला वणव्याने हजारो लोक बेघर झाले, तर या कुटुंबाने त्या महिन्याचा नफा तिकडे पाठवला. आदल्याच हिवाळ्यात आलेली माणसं ही. सप्टेंबरात तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी न्यूयॉर्कच्या निर्वासित परिषदेत त्यांचं नाव घेतलं. पुढच्या वर्षी मोठा कारखाना झाला आणि गावातली माणसं तिथे नोकरीला लागली.

एक गोष्ट मात्र बातम्यांत फारशी येत नाही. अँटिगोनिश हे गाव सहकारासाठी प्रसिद्ध आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत मोझेस कोडी नावाच्या पाद्र्यांनी तिथल्या विद्यापीठातर्फे मच्छीमार आणि शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभारल्या. दलालांच्या कर्जात बुडालेले कोळी आठवड्याला काही नाणी जमवून एकमेकांना कर्ज देऊ लागले. त्यांच्या नावाची संस्था तिथे १९५९ पासून आहे, आपल्याकडचेही सहकार-कार्यकर्ते तिथे शिकून आले आहेत. शेजाऱ्याला पैसा आणि हात देण्याची ज्या गावाला तीन पिढ्यांची सवय, तिथे हे कुटुंब उतरलं. दुसऱ्या एखाद्या गावात त्याच चॉकलेटचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

अलकापुरी_स्वाती

तिबेटी आले तेही १९५९ आणि ही संस्था निघाली तेही १९५९! बाकी काही संबंध नाही, पण नजरेत भरलं.

फतेगंज_जुना

युद्ध नव्हे, पण त्याच जातीचं दुःख: युगांडा. ४ ऑगस्ट १९७२ ला तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. आपल्या चरोतराकडची (आणंद-खेडा) आणि बडोद्याकडची किती घरं त्यात होती! आमच्या सोसायटीत कंपालाहून आलेलं एक कुटुंब होतं. कापसाच्या दोन जिनिंग मिल सोडून आलेले. बरोबर आणू दिले जेमतेम पन्नास-पंचावन्न पौंड.

त्यांचे भाऊ इंग्लंडला गेले. लेस्टर नगरपालिकेने तर सप्टेंबर १९७२ मध्ये युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका, जागा नाही. तरी लोक गेले, कारण नातलग तिथे होते. आधी होजिअरी आणि टाइपरायटरच्या कारखान्यांत मजुरी. १९७४ मध्ये तिथल्या टाइपरायटर कारखान्यात याच मंडळींनी समान वागणुकीसाठी मोठा संप केला. मग चार भावांचे पगार एकत्र करून एक दुकान, त्यावर दुसरं. लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड आज भारतीय दुकानांनी कसा भरलाय ते जाऊन आलेल्यांना विचारा. तिथे पहिली उधारी घरातल्याच बायकांच्या मजुरीने दिली, असं मी म्हणेन. त्यांची नावं दुकानाच्या पाटीवर नाहीत.

सूरसागर_पाळ

अवांतर नाही ना, या भीतीने थोडक्यात. हिरव्या झाकणाची, कोंबड्याचं चित्र असलेली अमेरिकन तिखट सॉसची बाटली आता अलकापुरीतल्या दुकानांतही दिसते. ती काढणारे डेव्हिड ट्रान दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात होते. डिसेंबर १९७८ मध्ये ‘हुई फाँग’ या मालवाहू जहाजातून तीन हजारांहून जास्त लोकांबरोबर निघाले. हाँगकाँगबाहेर जहाज कित्येक आठवडे अडवून ठेवलं होतं. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी कंपनी काढली आणि नाव त्या जहाजाचंच दिलं. भांडवल म्हणून दुधाच्या डब्यांत लपवून आणलेलं सोनं. म्हणजे यांना उधारी लागली नाही. पण पुढे मिरची पिकवणाऱ्या एकाच शेतकऱ्याशी २८ वर्षांचा व्यवहार होता. तो २०१६ ला पैशांवरून तुटला, कोर्टात गेला, २०१९ मध्ये शेतकऱ्याच्या बाजूने २ कोटी ३३ लाख डॉलरचा निकाल लागला आणि पुढे मिरचीअभावी सॉसचीच टंचाई झाली. विश्वास मोडला की काय होतं, त्याचंही हे उदाहरण.

निवृत्त_मास्तर_वाडी

सगळी उदाहरणं यशाची आली. मला एक बोचतं. वारसियात दुकान न झालेलेही सिंधी होते, आयुष्यभर पापड लाटून जगलेल्या विधवा होत्या. स्वेटर बाजारातही दर वर्षी कोणीतरी तोट्यात जातच असेल. त्यांचं काय होतं? विश्वासावरची उधारी ही शेवटी उधारीच. ती फेडता न आलेल्याला बँकेच्या थकबाकीदारापेक्षा जास्त लाज वाटते, कारण त्याच्या मागे सबंध समाजाची इभ्रत अडकलेली असते.

रावपुरा_कट्टा

मास्तर, बरोबर बोललात. दोन हंगाम सांगतो.

८ नोव्हेंबर २०१६. मांडव नुकते उभे राहिले होते, माल उघडून लावला होता आणि रात्री आठला नोटाबंदी जाहीर झाली. स्वेटर बाजार म्हणजे शंभर टक्के रोखीचा. पुढचे कित्येक दिवस गिऱ्हाईक आमच्या बँकेच्या रांगेत आणि गाळे रिकामे. तेव्हा मी नोकरीत होतो. एक बाई रोज येऊन फक्त विचारून जायच्या, “आज पैसे सुटले का लोकांना?” त्यांनी गळ्यातला पोवळ्याचा सर विकून लुधियानाला पहिला ड्राफ्ट पाठवला. लालाने मागितला नव्हता. मी म्हटलं, थांबा की महिनाभर. त्या म्हणाल्या, “आम्ही थांबलो तर पुढच्या वर्षी ज्या मुली पहिल्यांदा माल उचलायला जातील त्यांना काय सांगणार?” मास्तर म्हणतात ते ओझं मी त्या दिवशी समोर पाहिलं.

दुसरा, कोविडचा २०२० चा हिवाळा. बऱ्याच शहरांत बाजार लागलेच नाहीत. आमच्याकडे यायच्या त्यांच्यापैकी एकीने पुढच्या साली सांगितलं की वसाहतीत त्या वर्षी मक्यावर आणि परदेशी गेलेल्या मुलांनी पाठवलेल्या पैशांवर घर चाललं. परदेशी जाणं वाढलंय खरं. अमेरिकेने १९९० च्या कायद्यात भारत-नेपाळमधल्या १,००० तिबेट्यांना व्हिसा दिले होते, त्यांच्या मागून नातलग गेले. इथे राहिलेली तरुण मुलं नर्सिंग, कॉल सेंटर, हॉटेल यांत. गाळ्यावर आता बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या बायका.

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा मान्य. कागद आधी हवा. पण हेही खरं की लाला कागदाची वाट पाहत बसला नाही. साठ वर्षांत त्याने आरसी पाहिली असेल-नसेल, वही मात्र चालू ठेवली.

लहरीपुरा_रेडीमेड

नोटाबंदीत आमचीही तीच दशा होती, आणि मला लालाने एक महिना वाढवून दिला होता. हे आधी लिहायला हवं होतं. काका, त्यांच्या असोसिएशनच्या लोकांशी तुमची ओळख आहे तर एक कराल का? मांडव उभे राहायच्या आधी आम्हा दुकानदारांबरोबर एकदा बसवा. शाळेच्या गणवेशाचे स्वेटर आम्ही ठेवतो, शाली-जॅकेटं ते ठेवतात, असं काही ठरलं तर दोघांचं भांडण राहणार नाही.

रावपुरा_कट्टा

नक्की. त्यांचे दोन-तीन जण दसऱ्यानंतर मैदानाच्या परवानगीसाठी येतात, तेव्हा तुम्हाला फोन करतो. तुमच्या बाजूने कोण येणार ते ठरवून ठेवा. दोघंही लुधियानाच्या त्याच पेढ्यांचे गिऱ्हाईक आहात, बोलायला विषय कमी पडणार नाहीत.

वारसियाची_वहिनी

बैठक आमच्या दुकानाच्या माडीवर घ्या. जागा आहे. दाल-पकवान माझ्याकडून.

अलकापुरी_स्वाती

आणि काका, बाबांना बेचाळीसच्या मापाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवा आहे, मागच्या वेळी मिळालाच नाही.

रावपुरा_कट्टा

मोठी मापं ते थोडीच आणतात, पहिल्या दोन आठवड्यांत संपतात. मांडव उभे राहिल्याबरोबर जा. यूपीआय चालतं. भाव करू नका.